मीठ, साखर आणि आतड्यातलं एक दार

आमच्या गावाच्या नावात सडक आहे, कारण जिल्ह्यात अर्जुनी दोन आहेत. अर्जुनी मोरगाव रेल्वेलाइनवरची, आमची सडकेवरची. नकाशावर ही सडक आता राष्ट्रीय महामार्ग ५३ आहे. पूर्वी तिचा नंबर ६ होता आणि जुने लोक अजून तोच सांगतात. बोलताना सगळे मुंबई-कलकत्ता रोड म्हणतात. देवरी ओलांडली की ती छत्तीसगडात शिरते आणि रायपूर, संबलपूर, खडगपूर करत कलकत्त्याला पोचते. आज ज्या गोष्टीबद्दल लिहायचं आहे तिचा मोठा भाग या सडकेच्या त्या टोकाला घडला. थोडा टोकाच्याही पुढे, बांगलादेशच्या सीमेवर.

गोष्ट एका पाकिटाची आहे. उपकेंद्रात फुकट मिळतं, आशाताईंच्या पिशवीत असतं, औषधाच्या दुकानात काही रुपयांना मिळतं. इंग्रजीत ओआरएस, मराठीत जलसंजीवनी. आत काय असतं? मीठ, ग्लुकोज, थोडं पोटॅशियम आणि सायट्रेट. एवढंच. लहान मुलाला हगवण लागली की डॉक्टर ते लिहून देतात आणि घरातली माणसं जरा नाराज होतात, कारण 'औषध' मिळालं असं वाटत नाही. सलाइन लावलं की वाटतं. बाटली टांगलेली दिसते, थेंब पडताना दिसतात, बिलही होतं.

दुसऱ्या बाजूला मोबाइलवर फिरणारे संदेश आहेत. त्यांच्या मते मीठ-साखरेचं पाणी ही आपल्या आजी-पणजींची विद्या होती, गोऱ्यांनी ती नंतर शोधल्याचं नाटक केलं. मला दोन्ही म्हणणी पटत नाहीत. आजीकडे अर्धी गोष्ट होती. दुसरा अर्धा भाग मिळायला शंभरेक वर्षं, खेकड्याचे पाय, सशाचं आतडं आणि ढाका-कलकत्त्यातली अनेक माणसं लागली. तो अर्धा भाग म्हणजे आतड्याच्या पेशीतलं एक दार आहे. ते कसं उघडतं हे कळेपर्यंत जगभरचे हुशार डॉक्टर तहानेल्या रोग्याच्या तोंडातून पाणी काढून घेत होते.

पटकी, हैजा, कॉलरा. आमच्या घरात हैजा म्हणायचे, शेजारी पटकी म्हणायचे, आणि गावात साथ आली की मरीमायचा गाडा शिवेबाहेर नेला जायचा. १८१७ पासून बंगालमधून निघालेल्या साथींनी शंभर वर्षांत जगाला अनेक फेऱ्या मारल्या. १८६५ मध्ये मक्केत हजच्या काळात पटकी पसरली, हजारो हाजी दगावले आणि परतीच्या जहाजांबरोबर ती सुएझमार्गे युरोपात गेली. पुढच्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि हिंदुस्थानातून निघणाऱ्या हाजींवर नजर ठेवण्याचं एक युग सुरू झालं. मुंबई हे हजचं मोठं बंदर. तिथून निघालेल्या गरीब हाजीला तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर उतरवून अडकवून ठेवत. इकडे पंढरपूरच्या वारीवर सरकारची तीच नजर होती. विठ्ठलाकडे जाणारा आणि काबेकडे जाणारा सरकारी कागदावर एकाच रकान्यात होते, घाण पसरवणारा यात्रेकरू म्हणून. गर्दी आणि दूषित पाणी यांतून पटकी पसरते हे खरंच आहे. पण रोग झालेल्याचं काय करायचं याचं उत्तर सरकारकडे नव्हतं, म्हणून जोर माणसं अडवण्यावर होता.

पटकी मारते कशी? पाणी काढून. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब सुरू होतात आणि गंभीर रोग्याचं तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. सकाळी शेतात गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत सुकून निळा पडतो. १८३१ च्या अखेरीस ओशॉनेसी नावाच्या तरुण डॉक्टरने इंग्लंडमधल्या रोग्यांचं रक्त तपासून सांगितलं की त्यातलं पाणी आणि क्षार गेलेले आहेत. हाच ओशॉनेसी पुढे कलकत्त्याला आला आणि त्याने हिंदुस्थानात तारयंत्राच्या लाइनी टाकल्या. १८३२ मध्ये स्कॉटलंडच्या थॉमस लॅटाने खारं पाणी थेट शिरेत सोडून पाहिलं, काही रोगी उठून बसले. मग ही पद्धत विसरली गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्सने तीव्र खाऱ्या पाण्याचं सलाइन वापरून मृत्यू निम्म्यावर आणले. म्हणजे सलाइन ही चांगली गोष्ट आहे, माझं तिच्याशी भांडण नाही. पण तिला निर्जंतुक पाणी हवं, काच हवी, सुई हवी, शीर शोधणारा हात हवा. पटकी जिथे येते तिथे नेमकं यातलं काही नसतं.

मग तोंडाने का नाही द्यायचं? तहान तर लागलेलीच आहे. अडचण अशी होती की साधं पाणी दिलं तर ते टिकत नसे आणि खारं पाणी दिलं तर जुलाब वाढत. डॉक्टरांकडे त्याचं स्पष्टीकरणही तयार होतं: पटकीत आतड्याचं अस्तरच झडून जातं, उघड्या पडलेल्या आतड्यातून काही शोषलं जाणार नाही, तेव्हा त्याला विश्रांती द्या. उपाशी ठेवा. हा समज एकोणिसाव्या शतकातल्या शवविच्छेदनांवरून आला होता. मेल्यानंतर आतडं फार लवकर खराब होतं, हे पुरेसं लक्षात घेतलं गेलं नाही. १९६० च्या सुमारास बँकॉकमध्ये यूजीन गँगरोसाने जिवंत रोग्यांच्या आतड्याचे बारीक तुकडे घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. अस्तर जागच्या जागी होतं, शाबूत. भिंत पडलेली नव्हती, तर पाणी जात कुठून होतं?

इथे थोडं पेशीत शिरावं लागेल.

पेशीचं पटल हा तेलकट पदार्थाचा अगदी पातळ पडदा असतो. मिठातला सोडियम, साखर, पोटॅशियम यांना तो आपणहून पार करता येत नाही. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांची दारं बसवलेली असतात. काही दारं नुसती उघडतात, ज्या बाजूला गर्दी जास्त तिथून कमीकडे वाट देतात. त्याला ऊर्जा लागत नाही. तलावाच्या पाळीतलं तुडूम काढलं की पाणी आपसूक पाटात उतरतं, तसं. पण काही प्रथिनं उलटं काम करतात, कमी असलेल्या बाजूकडून जास्त असलेल्या बाजूला ढकलतात. पाटातलं पाणी परत तलावात चढवायचं तर मोटार लागते, आणि मोटारीला वीज लागते. पेशीची वीज म्हणजे एटीपी नावाचा रेणू.

ही मोटार सापडली डेन्मार्कच्या आरहूस शहरात, १९५७ मध्ये. येन्स स्कू नावाचा शरीरशास्त्रज्ञ खेकड्याच्या पायातल्या नसा वाटून त्यावर प्रयोग करत होता. त्याला एक प्रथिन मिळालं जे सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही हजर असले की एटीपी भराभर तोडतं. पुढे हिशेब पक्का झाला: एक एटीपी खर्च करून ते ३ सोडियम पेशीबाहेर फेकतं आणि २ पोटॅशियम आत घेतं. तुम्ही हे वाचत स्वस्थ बसला असताना तुमच्या शरीराच्या खर्चाचा सुमारे चौथा हिस्सा या एका मोटारीवर जातो आहे. स्कूला त्यासाठी १९९७ मध्ये नोबेल मिळालं, शोधानंतर ४० वर्षांनी.

इतका खर्च कशासाठी? मोटार अखंड चालू असल्यामुळे पेशीच्या आत सोडियम बाहेरच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकाच उरतो. बाहेर गर्दी, आत मोकळं. त्यामुळे सोडियम सतत आत घुसायला पाहतो आणि त्या घुसण्यात ताकद असते. औरंगाबादची पाणचक्की पाहिली असेल तर पुढचं सोपं आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून उंचावरून सोडलं आहे, आणि त्या पडत्या पाण्यावर यात्रेकरूंसाठी धान्य दळलं जाई. चक्कीला वेगळी ऊर्जा दिलेली नाही. पाणी उंचावर आहे, हीच ऊर्जा. फरक इतकाच की पाणचक्कीचं पाणी उंचावर ठेवायचं काम डोंगराने केलं, पेशीत ते मोटारीला करावं लागतं.

आतड्याच्या पेशीची चक्की म्हणजे साखर आत ओढणारं दार. ऑगस्ट १९६० मध्ये प्राग शहरात शास्त्रज्ञांची बैठक भरली होती. तिथे रॉबर्ट क्रेन या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञाने मांडलं की ग्लुकोज आतड्यात एकटं शिरत नाही. ते सोडियमचा हात धरून शिरतं. सोडियम उतारावरून आत येतो आणि येताना ग्लुकोजला चढावर ओढून नेतो. दोघांपैकी एक नसेल तर दार फिरत नाही. नंतर मोजलं गेलं, एका ग्लुकोजमागे २ सोडियम. आत आल्यावर ग्लुकोज पलीकडच्या साध्या दाराने रक्तात उतरतं, सोडियमला मोटार रक्ताच्या बाजूला फेकते, आणि जिथे क्षार आणि साखर जातात तिथे मागोमाग पाणी जातं. पाण्याला वेगळं बोलवावं लागत नाही. १९८७ मध्ये अर्नेस्ट राइट यांच्या गटाने या दाराचं जनुक वेगळं केलं. मूत्रपिंडात याच घराण्यातलं दुसरं दार आहे, आणि ते बंद करणाऱ्या गोळ्या आज मधुमेहाचे हजारो रोगी रोज घेतात. तो विषय पुन्हा कधीतरी.

क्रेनच्या डोक्यात तेव्हा पटकी नव्हती. त्याला साखर कशी शोषली जाते एवढंच जाणून घ्यायचं होतं. मला या इतिहासातली ही गोष्ट फार आवडते आणि आपल्याकडे 'याचा उपयोग काय' असं विचारणाऱ्यांना ती सांगावीशी वाटते.

कलकत्त्यात शंभुनाथ डे एकट्याने दुसरं टोक उकलत होते. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉखने त्याच शहरात पटकीचा जंतू वेगळा केला होता. डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात जंतू सोडले, आणि १९५९ मध्ये दाखवलं की जंतू गाळून टाकले तरी नुसत्या गाळलेल्या पाण्याने तेच होतं. म्हणजे काम जंतूचं नाही, त्याच्या विषाचं. हे विष पेशीच्या आतली एक कळ दाबून ठेवतं. क्लोराइड बाहेर सोडणारं दार सताड उघडं राहतं, क्लोराइडमागे सोडियम, त्यामागे पाणी. मीठ आत घेणारी नेहमीची वाटही बंद पडते. पण ग्लुकोज-सोडियमच्या दाराला हे विष हात लावत नाही. हैजाने मरत असलेल्या माणसाच्या आतड्यातही ते दार चालू असतं, फक्त सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही त्याच्यासमोर हजर हवेत. साधं पाणी दिलं तर दोन्ही नाहीत. नुसतं खारं पाणी दिलं तर एकच आहे.

यातले मुख्य धागे १९६० च्या सुमारास पुढे आलेले होते. तरी ते रोग्याच्या ओठांपर्यंत यायला आणखी आठ वर्षं गेली. वाटेत काय काय झालं ते बघा. १९५३ मध्येच कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं की आपण १८६ रोग्यांना उलटी थांबवून तोंडानेच मीठ आणि ग्लुकोजचं पाणी दिलं. कुणी दखल घेतली नाही. एक तर तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि मीठ-ग्लुकोज एकत्रच का, याचं शरीरशास्त्र तेव्हा कुणाकडेच नव्हतं. कलकत्त्याच्या डॉक्टरने ढाक्याच्या किंवा लंडनच्या डॉक्टरला नुसतं 'माझा अनुभव घ्या' म्हणून भागत नसतं. त्यात वसाहतीचा गर्वही थोडा असेल, पण सगळा दोष त्याच्यावर टाकणं मला बरोबर वाटत नाही.

१९६२ मध्ये अमेरिकन नौदलाचे रॉबर्ट फिलिप्स मनिलात होते. त्यांचा कयास होता की पटकीचं विष सोडियमची मोटारच बंद पाडतं. ग्लुकोज घातल्यावर क्षार शोषले जातात हे त्यांच्या तपासणीत दिसलं, आणि उत्साहात रोग्यांना तोंडाने द्रावण दिलं गेलं. पण द्रावण फार तीव्र होतं. ५ रोगी दगावले. फिलिप्स त्यानंतर या कल्पनेकडे वर्षानुवर्षं संशयाने पाहत राहिले, आणि त्यांचा शब्द मोठा होता. ढाक्यात नॉर्बर्ट हिर्शहॉर्न आणि कलकत्त्यात नॅथॅनिएल पिअर्स यांच्या गटांनी नळीवाटे मोजून मोजून दाखवल्यावर १९६८ मध्ये ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या तरुण डॉक्टरांनी रोग्यांना तोंडाने द्रावण देऊन पाहिलं. 'लॅन्सेट'मधल्या त्या लेखावर रफीकुल इस्लाम आणि माजिद मोल्ला यांचीही नावं आहेत. गोष्ट सांगताना ही दोन नावं बहुतेक वेळा गळतात, म्हणून मी मुद्दाम लिहितो आहे.

त्यांची युक्ती साधी होती. खाटेला मधोमध भोक, खाली बादली. बादलीत जितकं पडलं तितकं मोजून रोग्याला पाजायचं. सलाइनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी घटली. पण हे सगळं रुग्णालयात, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झालं होतं. तज्ज्ञांशिवाय होईल का, या प्रश्नाचं उत्तर युद्धाने मागितलं.

१९७१. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं भारतात आली. सीमेवरच्या बनगावात गर्दी मावेना. काहींना तिथून दूर रायपूरजवळच्या माना छावणीपर्यंत आणलं गेलं. माना आमच्याच सडकेच्या वाटेवर आहे. आमच्या शेजारच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात तर पूर्व बंगालच्या निर्वासितांच्या वसाहती आजही आहेत. तिथल्या बाजारात बंगाली ऐकू येते. आपल्याकडे निर्वासित म्हटलं की कुणाचा धर्म कोणता हे आधी विचारलं जातं. हैजा विचारत नव्हता.

बनगावच्या सरकारी रुग्णालयात जूनच्या अखेरीस डॉ. दिलीप महालनोबिस पोचले. वय ३६-३७. पटकीच्या रोग्यांसाठी दोन खोल्या, १६ खाटा, बाकीचे जमिनीवर, घाणीत. सलाइन संपत आलं. कलकत्त्यात त्यांच्या संशोधन केंद्रात मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा तोलून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरला गेला, पिशव्या गरम इस्त्रीने चिकटवल्या. लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा. लिटरचा खर्च ११ पैसे. पाणी पिंपात कालवून पिंपाला तोटी बसवली, आणि रोग्याच्या आईला, बहिणीला, नवऱ्याला सांगितलं की कपाने पाजत राहा. परिचारिका नव्हत्याच. छावण्यांमध्ये जिथे १०० मागे ३० पर्यंत रोगी मरत होते, तिथे या तंबू-खोल्यांतलं प्रमाण ४ च्या खाली आलं. बांगलादेशच्या स्वातंत्र्यलढ्याच्या गुप्त रेडिओवरूनही हे द्रावण कसं करायचं ते सांगितलं गेलं.

महालनोबिसांनी अहवाल लिहिला, पण तो लगेच स्वीकारला गेला नाही. १९७३ मध्ये तो छापून आला. जागतिक आरोग्य संघटनेचे धीमान बरुआ यांनी बनगाव स्वतः पाहिलं होतं, त्यांनी हा विषय जिनिव्हात लावून धरला. १९७८ मध्ये 'लॅन्सेट'च्या अग्रलेखाने सोडियम-ग्लुकोजच्या जोडीचा शोध हा कदाचित शतकातला सर्वात महत्त्वाचा वैद्यकीय शोध असल्याचं म्हटलं. लक्षात घ्या, कौतुक पाकिटाचं नव्हतं, आतड्यातल्या दाराचं होतं.

आता यातला मला सर्वात बोलका वाटणारा भाग. १९८० पासून दहा वर्षं बांगलादेशात ब्रॅक या संस्थेच्या बायका घरोघर फिरल्या. फझले हसन आबेद यांची संस्था. पाकीट परवडणार नाही म्हणून शिकवायचं ते 'लोबोन-गुडेर शोरबोत', म्हणजे मीठ-गुळाचं शरबत: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. सुमारे सव्वा कोटी घरांपर्यंत त्या पोचल्या. पगार घरांच्या संख्येवर नव्हता. महिन्याभराने दुसरं माणूस जाऊन त्या घरातल्या आईला किती आठवतं ते विचारायचं आणि तिने केलेल्या शरबताचा नमुना तपासायला न्यायचं. तिला जितकं आठवेल तितका शिकवणारीचा पगार.

तरी सुरुवातीला असं दिसलं की आयांना कृती तोंडपाठ आहे, पण मूल आजारी पडलं की त्या शरबत करत नाहीत. शोध घेतल्यावर कळलं की शिकवणाऱ्या बायकाच स्वतःला जुलाब झाले की गोळ्या घेतात. त्यांचाच विश्वास नव्हता. का असावा? शरबताने जुलाब थांबत नाहीत. क्लोराइडचं दार विषाने उघडं धरलेलं असतं, ते मिठा-साखरेने बंद होत नाही. शरबत फक्त दुसऱ्या दाराने पाणी आत भरत राहतं, रोग आपल्या वेळेने ओसरेपर्यंत. बघणाऱ्याला वाटतं, पाजलं तितकं गेलं. मग त्या बायकांना संशोधन केंद्रात नेऊन हे द्रावण शरीरात काय करतं ते नीट समजावलं. त्यानंतर त्यांच्या सांगण्यात फरक पडला. पुढे पुरुषांनाही बाजारात, मशिदीत गाठून सांगितलं गेलं, कारण गूळ आणायला पैसे त्यांच्याकडे होते. 'गावातल्या बायकांना विज्ञान कशाला, कृती सांगा पुरे' असं म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. कृती पुरली नव्हती.

आणि आजीची पेज? धानाच्या मुलखात राहून तिच्याबद्दल न लिहिणं बरं नाही. तांदळातला स्टार्च म्हणजे ग्लुकोजची लांब साखळी. आतड्याच्या पेशीला चिकटलेली पाचकद्रव्यं ती तिथल्या तिथे तोडतात, आणि एकेक ग्लुकोज थेट त्या दारापुढे येतं. साखळी आतड्यात मोकळी असताना पाणी ओढत नाही, म्हणून साखरेच्या द्रावणापेक्षा तांदळाचं द्रावण पटकीत जुलाब कमी करतं. ढाका-कलकत्त्यातल्या पुढच्या अभ्यासांत हे सिद्ध झालं आहे. तर पेज देणारी आजी बरोबरच होती. पण तिच्या पेजेत मीठ कधी असे, कधी नसे, आणि 'हगवण लागली तर पाणी कमी पाजा' असंही तीच सांगे. प्रमाण तिच्याकडे नव्हतं. या सगळ्या प्रकरणात खरी विद्या प्रमाणाची आहे.

प्रमाण इतकं महत्त्वाचं का? जे शोषलं गेलं नाही ते आतड्यात राहून उलट शरीरातलं पाणी आपल्याकडे ओढतं. दारं मोजकी आहेत, त्यांच्या ताकदीबाहेर साखर ओतली तर ती आतड्यातच राहते आणि जुलाब वाढतात. म्हणूनच २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनं सूत्र आणखी पातळ केलं: लिटरमागे २० ऐवजी साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आणि साडेतीन ऐवजी २.६ ग्रॅम मीठ. या मापात सोडियम आणि ग्लुकोजचे रेणू बरोबरीला येतात. आता बाटलीबंद कोल्ड्रिंक घ्या. लिटरमागे सुमारे १०० ग्रॅम साखर, मीठ जवळपास नाही. जुलाब झालेल्या मुलाला ते पाजणं म्हणजे मोटार उलटी लावणं. याहून वाईट गोष्ट म्हणजे आपल्या बाजारात वर्षानुवर्षं फळांच्या चवीची गोड पेयं नावातच 'ओआरएस' लावून औषधाच्या दुकानांत विकली गेली. त्यांतली साखर मूळ सूत्राच्या कित्येक पट. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी आठ वर्षं त्याविरुद्ध झुंज दिली, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हे नाव वापरायला मनाई केली. तीन अक्षरांची ही चोरी मला साधी फसवणूक वाटत नाही. ११ पैशांच्या पाकिटाने कमावलेला विश्वास तिथे विकला जात होता.

आमच्या भागातल्या एका आशाताईंना मी विचारलं, लोक पाकीट कसं वापरतात. त्या म्हणाल्या, "भाऊ, पाकीट नेतात, पण एका गिलासात अर्धं टाकतात. कडक केलं की लवकर गुण येईल असं वाटते. नाही तं मग चमचा-चमचा टाकतात, पुरवून पुरवून." कडक केलं की मनिलाची वाट, पुरवून केलं की साधं पाणी. पाकीट एक लिटरचं असतं, सगळं एकदम एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालायचं, २४ तासांत संपवायचं, उरलेलं फेकून द्यायचं. सोबत मुलाला झिंकच्या गोळ्या १४ दिवस. मूल सुस्त पडलं, पाणी पिईना, लघवी होईना, शौचात रक्त दिसलं तर वाट न बघता दवाखाना, आणि तिथे सलाइन लावलं तर लावू द्यावं.

"घरी लिटरचं माप कुठून आणतात मग?" मी विचारलं. त्या हसल्या. सडकेवरच्या टपरीवर पाण्याची बाटली मिळते ती बरोबर एक लिटरची. रिकाम्या बाटल्या त्याच गोळा करतात, धुतात आणि पाकिटासोबत देतात.